मिशिगन १९०१: ५५०-० हा हिशेब कसा वाचायचा

ॲन आर्बरला शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याचा हा प्रश्न आहे. अमेरिकी क्रीडा-इतिहासाच्या वर्गात त्याला मिशिगन विद्यापीठाच्या १९०१ च्या फुटबॉल मोसमावर प्रकल्प करायचाय. हातात एक तक्ता आहे: सामने ११, विजय ११, केलेले गुण ५५०, दिलेले गुण शून्य. तो विचारतो, 'हे खरं धरायचं का? एका सामन्यात १२८-० होतंच कसं? आणि या संघाची आजच्या संघांशी तुलना करता येईल का?'

आकडे खरे आहेत. २८ सप्टेंबरला अल्बियन ५०-०, ५ ऑक्टोबरला केस ५७-०, १२ ला इंडियाना ३३-०, १९ ला नॉर्थवेस्टर्न २९-०, २६ ला बफेलो १२८-०. पुढे २ नोव्हेंबरला कार्लाइल २२-०, ९ ला ओहायो स्टेट २१-०, १६ ला शिकागो २२-०, २३ ला बेलॉइट ८९-० आणि २८ ला, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, आयोवा ५०-०. इथपर्यंत ५०१. मग १ जानेवारी १९०२ ला पॅसाडीनात स्टॅनफर्ड ४९-०. एकूण ५५०. बेरीज स्वतः करून बघा. जुन्या तक्त्यात पहिलं काम तेच असतं, आणि निम्मे घोळ तिथेच सापडतात.

म्हणजे खरं-खोटं हा तुमचा अडचणीचा मुद्दा नाही. तक्त्यातला 'गुण' म्हणजे काय, सामना किती मिनिटांचा, चेंडू कुणाकडे किती वेळ राहायचा, हे तुम्ही नकळत आजच्या नियमांनी भरून घेताय. त्यामुळे १२८ आकडा अशक्य वाटतो आणि शून्याकडे लक्षच जात नाही. माझ्या मते या मोसमातली मोठी गोष्ट तो शून्य आहे. ५५० ला बऱ्याच अंशी त्या काळचे नियम कारणीभूत आहेत. शून्याचं श्रेय संघाला द्यावं लागतं.

किती खोलात जायचं हे तुमच्याकडे वेळ किती आहे आणि मूळ कागद बघायला मिळतात की नाही यावर ठरेल. आठ-दहा पानांचा निबंध असेल तर पुढचा नियमांचा भाग पुरेसा आहे. सेमिस्टरभराचं काम असेल तर अकराही सामने एकेक करून परत उभे करा. ते कसं करायचं तेही सांगतो.

हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकी खेळ. पण १९०१ चा खेळ आजच्यापेक्षा रग्बीला जवळचा होता. पुढे फेकायचा पास बेकायदा होता, तो १९०६ पासून आला. मैदान ११० यार्डांचं होतं, १९१२ मध्ये ते १०० चं झालं. टचडाउनला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेणं) ५ गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकला (हाही 'गोल'च) १, फील्ड गोललाही (खेळ चालू असताना गोलच्या खांबांमधून मारलेली किक) ५ आणि सेफ्टीला (चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडणं) २. फील्ड गोल १९०४ मध्ये ४ गुणांवर आणि १९०९ मध्ये ३ वर आला. टचडाउनला ६ गुण १९१२ पासून मिळू लागले. ही चार वर्षं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १९०४, १९०६, १९०९, १९१२. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा कुठलाही मोसम वाचताना आपण यातल्या कोणत्या वर्षाच्या अलीकडे आहोत आणि कोणत्या पलीकडे, हे आधी ठरवायचं.

याचा फरक किती पडतो ते स्टॅनफर्डच्या सामन्यात दिसतं. ४९ म्हटलं की आजचा प्रेक्षक डोळे झाकून सांगेल, सात टचडाउन आणि सात यशस्वी किक. प्रत्यक्षात झाली आठ टचडाउन, त्यानंतरचे चार गोल आणि एक फील्ड गोल: ४० अधिक ४ अधिक ५. पाच टचडाउन नील स्नोची, दोन रेडनची, एक हर्नस्टीनचं. टचडाउननंतरचे चारही गोल शॉर्ट्सचे आणि फील्ड गोल स्वीलीचा. आजच्या गुणांनी हेच ५५ होतात.

आठांपैकी चारच किक यशस्वी, म्हणजे किक मारणारा कच्चा होता असा अर्थ काढू नका. त्या काळी टचडाउन जिथे झालं त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन किक मारावी लागे. कोपऱ्यात टचडाउन झालं तर कोन फारच अरुंद मिळायचा. त्यावर एक उपाय होता: गोलरेषेमागून आपल्याच गड्याकडे चेंडू पायाने उडवायचा, त्याने तो मैदानात झेलायचा आणि तिथून गोलचा प्रयत्न करायचा. झेल सुटला तर प्रयत्न गेला. तेव्हा 'टचडाउन जितकी, गोल तितके' हे गृहीतक कधीच धरायचं नाही.

आता १२८. या आकड्यावरून टचडाउन किती झाली ते सांगता येत नाही. फील्ड गोल आणि सेफ्टी सोडून दिल्या तरी चार उत्तरं निघतात: २२ टचडाउन आणि १८ गोल, २३ आणि १३, २४ आणि ८, किंवा २५ आणि ३. लहान आकडाही असाच फसवतो. २२ म्हणजे चार टचडाउन आणि दोन गोल, किंवा तीन टचडाउन, एक फील्ड गोल आणि दोन गोल, किंवा चार टचडाउन आणि एक सेफ्टी. म्हणून गुणसंख्येला भागून टचडाउन काढायची नाहीत. टचडाउन बातमीतून मोजायची आणि गुणसंख्या फक्त ताळ्यासाठी वापरायची.

मोठ्या आकड्यांचं मुख्य कारण किकऑफमध्ये, म्हणजे गुण झाल्यावर खेळ परत सुरू करणाऱ्या किकमध्ये आहे. तुमच्या तक्त्यात ते कुठेच दिसणार नाही. त्या काळी ज्या संघावर गुण झाले त्यानेच किकऑफ करायचा, म्हणजे चेंडू परत गुण करणाऱ्यालाच द्यायचा. आज उलटं असतं. हे कागदावर मांडून बघा. मिशिगनचं टचडाउन झालं. गोलचा प्रयत्न झाला. चेंडू मैदानाच्या मध्यावर, ५५ यार्डांच्या रेषेवर आला. बफेलोने किक मारली, मिशिगनच्या गड्याने ती झेलली, वीसेक यार्ड पळाला आणि पडला. परत मिशिगनचीच चाल. परत टचडाउन. परत बफेलोची किक. चेंडू निसटल्याशिवाय किंवा मिशिगनला अडवल्याशिवाय बफेलोच्या हातात तो येणारच कसा? दुबळ्या संघाला सावरायला वेळच मिळत नसे. तीन-चार टचडाउन लागोपाठ झाली की पुढचं सगळं एकाच दिशेने वाहायचं.

त्याला जोड होती डाउनच्या, म्हणजे चेंडू पुढे न्यायच्या प्रयत्नांच्या नियमाची. तीन प्रयत्नांत पाच यार्ड काढायचे, म्हणजे एका प्रयत्नाला सरासरी पाच फूट. आज चार प्रयत्नांत दहा यार्ड लागतात, म्हणजे साडेसात फूट. पाच फूट हे अंतर वजनाने आणि रेट्याने मिळवता येतं. शिवाय चेंडू घेऊन पळणाऱ्याला त्याच्याच साथीदारांनी मागून ढकलायला आणि पुढून ओढायला परवानगी होती. ती १९१० मध्ये बंद झाली. दोन संघांत फरक थोडा असेल तर याच नियमामुळे खेळ चिखलात रुतल्यासारखा होई, ०-० किंवा ६-० वर संपे. फरक जास्त असेल तर वरचढ संघ दर वेळी आठ-दहा फूट सरकत राही आणि त्याला थांबवायची जागाच उरत नसे. एकाच मोसमात १२८ आणि २१ हे दोन्ही आकडे दिसतात त्याचं कारण हे.

तिसरं कारण दमणूक. एकदा बाहेर गेलेला गडी परत येऊ शकत नसे. तेच अकरा जण हल्ला करत आणि तेच बचाव करत. पॅसाडीनात मिशिगनने शेवटपर्यंत मूळचे अकराच खेळवले. मध्यंतराला गुण होते १७-०. उत्तरार्धात ३२ झाले, तेही कमी वेळात, कारण स्टॅनफर्डच्या कर्णधाराने आठ मिनिटं शिल्लक असतानाच सामना थांबवायची विनंती केली. १९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद असताना काठियावाडने सामना सोडून दिला होता, तो प्रसंग मराठी वाचकाला चटकन आठवेल. अशा सामन्याची नोंद करताना गुणांइतकीच थांबण्याची वेळ महत्त्वाची असते.

या दमणुकीचा फायदा प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांनी हिशेबाने घेतला. १९०१ हे त्यांचं मिशिगनमधलं पहिलं वर्ष. आधीच्या मोसमात ते स्टॅनफर्डला शिकवत होते, पण तिथे प्रशिक्षक माजी विद्यार्थीच हवा असा नियम झाला आणि त्यांना निघावं लागलं. त्यांना 'हरी अप' हे टोपणनाव पडलं ते उगाच नाही. मिशिगनचा क्वार्टरबॅक (चाली पुकारणारा गडी) वीक्स, ढिगाऱ्याखालचे गडी उठायच्या आतच पुढच्या चालीचे संकेत ओरडायला लागे. समोरचे धापा टाकत उभे राहीपर्यंत चेंडू पुढे गेलेला असे. एका मिनिटात चाली जास्त, म्हणजे गुणही जास्त आणि समोरच्यांची दमणूकही जास्त. या संघाची ताकद मोजताना वजन आणि उंचीपेक्षा मिनिटाला किती चाली झाल्या हे सापडलं तर सोनं समजा. बातमीत चालीमागून चाल दिलेली असेल तर ते मोजता येतं.

मिनिटांचा हिशेब अजून बाकी आहे. नियमाने ३५-३५ मिनिटांचे दोन भाग असत, पण दोन्ही कर्णधार ठरवून ते कमी करत. दुबळा पाहुणा संघ असेल तर २० किंवा २५ मिनिटांचे भाग ठरत, कधी दुसरा भाग पहिल्यापेक्षा छोटा असे, कधी अंधार पडायचा, कधी गाडीची वेळ व्हायची. योस्ट यांच्या या संघांना 'मिनिटाला एक गुण' असं नाव पडलं, ते आजही वाचायला मिळतं. त्याचा ताळा घ्या. ५५० भागिले ११ म्हणजे सामन्याला सरासरी ५०. सगळे सामने पूर्ण ७० मिनिटांचे झाले असते तर गुण ७७० व्हायला हवे होते. पॅसाडीनात ६२ मिनिटांत ४९ झाले. म्हणजे ते नाव कितपत खरं हे प्रत्येक सामन्याची खरी लांबी शोधल्याशिवाय सांगता येणार नाही. तुमच्या प्रकल्पात नवीन काही सांगायचं असेल तर हाच रकाना भरा. तयार तक्त्यांत तो सहसा नसतो.

इथवरचं एका दमात: गुण पाचाचे, चेंडू परत गुण करणाऱ्याला, पाच यार्डांना तीन प्रयत्न, बदली गडी परत नाही आणि वेळ ठरेल तशी. या पाच गोष्टींनी १२८ समजतो. आता शून्याकडे वळू.

कुणी म्हणेल, किकऑफचा नियम असा असेल तर शून्यही त्याचाच परिणाम, समोरच्याला चेंडूच मिळत नाही तर तो गुण कुठून करणार? बफेलो आणि बेलॉइटच्या बाबतीत हे मान्य करायला हवं. पण नॉर्थवेस्टर्न, कार्लाइल, ओहायो स्टेट आणि शिकागोच्या सामन्यांत मिशिगनचे गुण २१ ते २९ आहेत. तिथे मिशिगनला वारंवार अडवलं गेलं होतं, चेंडू पंटने, म्हणजे हातातून सोडून मारलेल्या लांब किकने, इकडून तिकडे जात होता आणि समोरच्यांनाही संधी होती. फील्ड गोल पाच गुणांचा होता हे लक्षात ठेवा. त्यासाठी गोलरेषा ओलांडायची गरज नाही. तीस यार्डांवरून एक ड्रॉप किक (चेंडू जमिनीवर टाकून उसळताना मारलेली) बसली की शून्य मोडला. मिशिगनने स्वतःच्या गोलरेषेजवळ एकदा चेंडू हातून निसटू दिला आणि आपल्याच रेषेमागे पाडले गेले, की सेफ्टीचे दोन गुण गेले आणि शून्य मोडला. अकरा सामन्यांत यातलं एकदाही झालं नाही. किकऑफच्या नियमाने याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी स्वीलीचे पंट कुठे पडत होते आणि मिशिगनचे टोकाचे गडी तिथे किती लवकर पोचत होते, हे बातम्यांतून काढावं लागतं.

हा शून्य किती नाजूक असतो ते चार वर्षांनी दिसलं. १९०१ ते १९०५ या पाच मोसमांत योस्ट यांच्या संघांनी एकूण २८२१ गुण केले आणि ४२ दिले. ५५ विजय, एक बरोबरी आणि एक हार. बरोबरी १९०३ मध्ये मिनेसोटाशी ६-६. आणि ती एकच हार ३० नोव्हेंबर १९०५ ला शिकागोकडून, २-०. मिशिगनच्या गड्याने आपल्या गोलरेषेमागे आलेला पंट उचलून बाहेर पळायचा प्रयत्न केला, शिकागोच्या गड्यांनी त्याला मागेच पाडलं, आणि तेवढ्या एका सेफ्टीने सामना गेला.

समोरचे संघ कसे होते हा पुढचा प्रश्न. इथे सरसकट उत्तर देऊ नका. अकरापैकी सात सामने ॲन आर्बरच्या रीजंट्स फील्डवर झाले. कार्लाइलचा डेट्रॉइटला, म्हणजे जवळजवळ घरीच. आयोवाचा शिकागोला आणि स्टॅनफर्डचा पॅसाडीनाला, म्हणजे दोन्हींसाठी परकं मैदान. प्रतिस्पर्ध्याच्या घरी जाऊन खेळलेला सामना एकच: कोलंबसला ओहायो स्टेटशी. हे मोसमाच्या वर्णनात यायलाच हवं. आणि त्या ओहायो स्टेटच्या संघाने दोनच आठवड्यांपूर्वी सामन्यात झालेल्या दुखापतीने आपला एक गडी कायमचा गमावला होता. त्या काळच्या खेळात असे मृत्यू दर वर्षी होत. १९०६ चे मोठे नियमबदल झाले त्यामागे मुख्यतः हेच होतं. २१-० वाचताना समोर कुठल्या मनःस्थितीतला संघ उभा होता, हेही लिहा.

ताकद मोजायला मला एक मोजपट्टी सगळ्यात विश्वासाची वाटते: तेच प्रतिस्पर्धी, लागोपाठची दोन वर्षं. १९०० मध्ये मिशिगनचा हिशेब होता ७ विजय, २ पराभव, १ बरोबरी. पराभव आयोवाकडून २८-५ आणि शिकागोकडून १५-६. वर्षभरानंतर आयोवाविरुद्ध ५०-० आणि शिकागोविरुद्ध २२-०. नियम तेच, प्रतिस्पर्धी तेच, बदलले ते प्रशिक्षक आणि काही गडी. हा फरक बफेलोच्या १२८ पेक्षा कितीतरी जास्त सांगतो. उलट बाजूने, बरोबरीचा संघ समोर आला की काय होई तेही बघा: १९०२ मध्ये विस्कॉन्सिनशी ६-०. एक टचडाउन, एक गोल.

विस्कॉन्सिनचा विषय निघालाच आहे तर विजेतेपदाचंही सांगतो. वेस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटात, म्हणजे आजच्या बिग टेनच्या मूळ रूपात, १९०१ चं विजेतेपद मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये विभागलं गेलं. विस्कॉन्सिनही अजिंक्य होता आणि दोघे एकमेकांशी खेळलेच नाहीत. मिशिगनचे कॉन्फरन्समधले सामने चारच: इंडियाना, नॉर्थवेस्टर्न, शिकागो आणि आयोवा. ओहायो स्टेटला यात धरायची चूक हटकून होते. आज ते शेजारी आणि कट्टर प्रतिस्पर्धी आहेत खरे, पण त्या विद्यापीठाला कॉन्फरन्समध्ये प्रवेश मिळाला १९१२ मध्ये. आणि 'राष्ट्रीय विजेते' हा शब्द वापरलात तर तो कुणी आणि कधी दिला ते सांगा. पत्रकारांचं साप्ताहिक मतदान १९३६ मध्ये सुरू झालं. मिशिगनला १९०१ चे विजेते ठरवणारे निवाडे त्यानंतर मागे वळून दिलेले आहेत, आणि त्याच वर्षी हार्वर्डनेही आपले बाराच्या बारा सामने जिंकले होते.

पॅसाडीनाच्या सामन्यातही दोन सापळे आहेत. तारीख १९०२ ची, मोसम १९०१ चा. वर्षाप्रमाणे गाळणी लावली तर तो सामना तक्त्यातून गळतो आणि बेरीज ५०१ वर थांबते. दुसरं म्हणजे 'रोझ बोल' हे नाव. १९०२ मध्ये ते नव्हतं, ते मैदानही नव्हतं. सामना टूर्नामेंट पार्कमध्ये सुमारे आठ हजार प्रेक्षकांसमोर झाला. इतका एकतर्फी झाला की आयोजकांनी पुढची कित्येक वर्षं फुटबॉल बंदच ठेवला, मधल्या काळात रथांच्या शर्यती लावल्या आणि १९१६ मध्येच पुन्हा सामना घेतला. आजच्या याद्या त्याला पहिला रोझ बोल म्हणतात ते बरोबरच आहे, फक्त तुमच्या मजकुरात 'पुढे ज्याला रोझ बोल म्हटलं गेलं' असं एकदा येऊ द्या.

आता प्रत्यक्ष काम. एका सामन्याला एक पान. रकाने असे: तारीख, मैदान, ठरलेली मिनिटं, प्रत्यक्ष खेळलेली मिनिटं, मध्यंतराचे गुण, टचडाउन आणि कुणाची, टचडाउननंतरचे गोल, फील्ड गोल, सेफ्टी, बदली गडी, पंच. त्याखाली ताळ्याची ओळ: टचडाउन गुणिले ५, अधिक टचडाउननंतरचे गोल, अधिक फील्ड गोल गुणिले ५, अधिक सेफ्टी गुणिले २. उत्तर गुणसंख्येशी जुळलं पाहिजे आणि टचडाउननंतरचे गोल टचडाउनपेक्षा जास्त असता कामा नयेत. जुळलं नाही तर आकडा रेटून बसवू नका. दोन्ही वर्तमानपत्रांतलं जसंच्या तसं उतरवून पुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

साधनं तुमच्या दाराशी आहेत. विद्यापीठाच्या बेंटली ऐतिहासिक ग्रंथालयात क्रीडा विभागाचे जुने कागद आहेत. विद्यार्थ्यांच्या 'मिशिगन डेली'चे जुने अंक ऑनलाइन चाळता येतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात इतर शहरांची वर्तमानपत्रं आहेत. आणि त्या वर्षीची स्पाल्डिंगची नियमपुस्तिका जरूर मिळवा. नियम कुणाच्या आठवणीतून घ्यायचे नाहीत, माझ्याही नाही. प्रत्येक सामन्याला किमान दोन बातम्या हव्यात, एक इकडच्या गावची आणि एक तिकडच्या. हरलेल्या गावचं वर्तमानपत्र जास्त उपयोगी पडतं: सामना किती मिनिटं झाला, कोण जायबंदी झालं, पंचांशी कशावरून वाद झाला, हे तिथे तपशिलाने सापडतं.

बातमीच्या तळाशी बारीक टाइपात संघांच्या नावांखाली दोन-चार ओळी असतात, त्या आधी वाचा. पॅसाडीनाच्या सामन्याच्या ओळी मराठीत साधारण अशा होतील: 'टचडाउन: स्नो ५, रेडन २, हर्नस्टीन. टचडाउननंतरचे गोल: शॉर्ट्स ४. मैदानातून गोल: स्वीली.' इथे 'गोल' शब्द दोन अर्थांनी येतो, पहिला एका गुणाचा आणि दुसरा पाच गुणांचा. वरच्या रसभरीत मजकुरात नुसतंच 'शॉर्ट्सने गोल केला' असं असतं. तो कुठला, हे तळाच्या ओळींवरून ठरवायचं. घाईने वाचणारे इथे एकाचे पाच करून टाकतात.

ऑनलाइन शोध घेताना या संघाची नावं विशेष त्रास देतात. स्नो शोधलं की हिमवर्षावाच्या बातम्या, वीक्स शोधलं की आठवडे, शॉर्ट्स शोधलं की कपड्यांच्या जाहिराती, आणि कर्णधार व्हाइटचं तर विचारायलाच नको. नाव एकटं शोधू नका, जोडीने शोधा: स्नो आणि हेस्टन, वीक्स आणि स्वीली. हर्नस्टीनचं स्पेलिंग प्रत्येक वर्तमानपत्राने आपापल्या मनाने केलंय, म्हणून आडनावाचा सुरुवातीचा तुकडाच टाका. आणि मशीनने वाचलेल्या मजकुरात ०, ६, ८ आणि ३ यांची अदलाबदल होते. आकडा नेहमी पानाच्या मूळ चित्रावरून घ्यायचा.

वैयक्तिक विक्रमांबाबत जपून. अधिकृत राष्ट्रीय आकडेवारी १९३७ च्या मोसमापासून ठेवली जाऊ लागली. त्याआधीचे पळालेले यार्ड आणि टचडाउनचे एकूण आकडे कुणीतरी बातम्यांतून मोजलेले असतात. विली हेस्टनच्या नावावर वेगवेगळे आकडे दिसतील. एकच खरा म्हणून निवडू नका, तुम्ही मोजलेला द्या आणि कशावरून मोजला ते सांगा.

आजच्या संघाशी तुलना? गुणांची करू नका. चेंडू कुणाला मिळतो हाच नियम वेगळा असताना गुणांची तुलना काय सांगणार? त्याच काळातल्या, त्याच नियमांखालच्या संघांशी करा: १९०२ चा मिशिगन, १९०१ चे विस्कॉन्सिन आणि हार्वर्ड. १९०६ च्या पुढे जाऊ नका. तिथून दहा यार्डांचा डाउन आणि पास आला, आणि त्या वर्षी कॉन्फरन्सने मोसमच पाच सामन्यांवर आणला.

सुरुवात पॅसाडीनापासून करा. त्या सामन्याचं तपशीलवार वर्णन मिळतं आणि ४९ चा ताळा जुळताना पद्धत अंगवळणी पडते. मग कार्लाइल आणि शिकागो घ्या. दोन्हींत गुण २२ आहेत, ते कोणत्या मार्गाने झाले ते बातमीवरूनच ठरवा आणि मिशिगनच्या गोलरेषेपर्यंत समोरचे किती जवळ आले होते त्याची यार्डांत नोंद करा. बफेलो सगळ्यात शेवटी ठेवा. तोपर्यंत टचडाउन मोजायला हात बसलेला असेल, आणि वरच्या चार उत्तरांपैकी कोणतं खरं ते तुम्हीच काढाल.